हिस्टोग्राम आणि हिस्टोरिग्राम : फरक नेमका काय? (केळीच्या भावासकट)

चोपड्याचा_पोऱ्या
राम राम मंडळी. उमविला (जळगावच्या विद्यापीठात) बी.कॉम. करतोय. सांख्यिकीच्या पेपरात हिस्टोग्राम आणि हिस्टोरिग्राम यांतला फरक हमखास विचारतात. क्लासच्या नोट्समध्ये त्यावर एकच ओळ आहे : "हिस्टोग्राम वारंवारता दाखवतो, हिस्टोरिग्राम काळ दाखवतो." पाठ झालीय, पण डोक्यात काही शिरत नाही.

त्यात आमचे काका. यावल तालुक्यात केळी आहे त्यांची. म्हणाले, "एवढा शिकी राह्यला तर मला दोन ग्राफ काढी दे. एक घडांच्या वजनाचा, एक भावाचा." वही आहे, आकडे आहेत. दोन्हींना दांड्या काढायच्या की दोन्हींना रेघ, इथूनच अडलंय. जाणकारांनी सांगा.

अमळनेरकर_मास्तर
नोट्समधली ओळ चूक नाही, फार आखूड आहे.

असं कर. कटाईला मोजलेल्या घडांची वजनं चिठ्ठ्यांवर लिही, टोपलीत टाक, चांगली हलव आणि मग वर्ग पाड : १० ते १४ किलोत किती, १४ ते १८ मध्ये किती. कोणता घड आधी मोजला आणि कोणता नंतर, याचा पत्ता लागणार नाही, पण चित्र तेच येईल. हा हिस्टोग्राम. दहावीत यालाच तू आयतालेख म्हणत होतास.

आता महिन्यांच्या भावाच्या चिठ्ठ्या तशाच हलव. जानेवारीचा भाव जुलैत जाऊन बसला की चित्रात काही अर्थ उरत नाही. जिथे आकड्यांचा क्रमच महत्त्वाचा, तो हिस्टोरिग्राम. म्हणजे कालश्रेणीचा आलेख. आडव्या अक्षावर महिने किंवा वर्षं, उभ्यावर भाव, आणि बिंदू रेघेने जोडायचे.

म्हणून काकांच्या वजनांना आयत, भावाला रेघ.

भुसावळ_ते_पुणे
मास्तरांना +१. पोऱ्या, एक्सेलमध्ये काढणार असशील तर हिस्टोग्राम नावाचा तयार चार्ट एक्सेल २०१६ पासून आहे. हिस्टोरिग्राम शोधू नकोस, मिळणार नाही. तिथे साधा लाईन चार्ट घ्यायचा. हा शब्द मुख्यतः आपल्याकडच्या कॉमर्सच्या पुस्तकांत भेटतो. नोकरीत सगळे टाइम सिरीजचा ग्राफ म्हणतात. स्पेलचेकही त्याच्याखाली लाल रेघ मारतो, म्हणून पोरं प्रोजेक्टमध्ये तो "दुरुस्त" करून हिस्टोग्राम करतात आणि मार्क घालवतात.

दुसरी गोष्ट. एक्सेल वर्ग आपल्या मनाने पाडतं. वर्गाची रुंदी बदलली की हिस्टोग्रामचा चेहरा बदलतो. पाच वर्ग घेतले तर एक उंचवटा दिसतो, पंधरा घेतले तर दोन. अंदाजासाठी स्टर्जेसचं १९२६ चं सूत्र आहे : वर्गांची संख्या = १ + ३.३२२ × लॉग (एकूण नोंदी). १०० घड असतील तर साधारण ७ ते ८ वर्ग. पण ते सूत्र म्हणजे देववाणी नव्हे. रुंदी दोनतीन वेळा बदलून बघ आणि दरवेळी जे दिसतं तेवढ्यावरच विश्वास ठेव.

शंकेखोर_पारोळा
एक बाळबोध शंका. बार डायग्राम आणि हिस्टोग्राम यांत दांड्या चिकटलेल्या की सुट्या, एवढाच फरक ना? मग भावाच्या बारा महिन्यांच्या दांड्या चिकटवून काढल्या तर तो हिस्टोग्राम झाला का?

अमळनेरकर_मास्तर
नाही झाला. चिकटवल्याने कोणी हिस्टोग्राम होत नाही. दांड्या चिकटतात कारण खालचा अक्ष सलग असतो, १४ किलो संपले तिथेच पुढचा वर्ग सुरू होतो. म्हणून तर १०–१४, १५–१९ असे वर्ग दिले असतील तर आधी ९.५–१४.५, १४.५–१९.५ असे सलग करून घ्यावे लागतात. पेपरात हे न करता आयत काढले की मार्क जातात.

पण खरा फरक चिकटण्यात नाही, क्षेत्रफळात आहे. बार डायग्राममध्ये उंची वाचायची, हिस्टोग्राममध्ये क्षेत्रफळ. वर्ग सारख्या रुंदीचे असले की दोन्ही एकच, म्हणून दहावीपर्यंत कुणाला जाणवत नाही. कॉलेजात असमान वर्ग आले की पोरं घसरतात. समजा १०० घडांची विभागणी अशी आहे :

१०–१४ किलो : १२ घड
१४–१८ : २८
१८–२० : २२
२०–२२ : २०
२२–३० : १८

सरळ उंचीने काढलं तर १४–१८ चा आयत सगळ्यात उंच येईल आणि काकांना वाटेल, आपला माल सोळा किलोच्या आसपास आहे. आता प्रत्येक वारंवारतेला वर्गाच्या रुंदीने भाग. एका किलोमागे किती घड पडले ते निघेल : ३, ७, ११, १०, २.२५. शिखर सरकून १८–२० वर गेलं. २२–३० चा आयत तर झोपलाच, कारण त्याचे अठरा घड आठ किलोंवर पसरलेत. बहुलक (सगळ्यात जास्त वेळा येणारं मूल्य) आयतालेखावरून काढायचा असेल तर ही दुरुस्ती आधी, नाहीतर उत्तर चुकीच्या वर्गात जातं.

उभा अक्ष शून्यापासून सुरू झालाच पाहिजे, हेही त्यामुळेच. खालचा भाग कापला तर क्षेत्रफळाचं प्रमाण बिघडतं.

जामनेरची_लेक
मास्तर, ती घडांची मांडणी फार छान. मी भावाच्या बाजूने एक जोडते.

समजा एका वर्षी केळीचा भाव जानेवारीत ९०० होता आणि दरमहा शंभराने चढत डिसेंबरात २००० झाला. पुढच्या वर्षी बरोबर उलटं : जानेवारीत २०००, उतरत उतरत डिसेंबरात ९००. दोन्ही वर्षांचे बारा आकडे तेच, सरासरी तीच (१४५०), हिस्टोग्राम हुबेहूब सारखा. हिस्टोरिग्राम मात्र एक डोंगर चढतोय, दुसरा उतरतोय.

ज्याची बाग नोव्हेंबरात कापणीला येते त्याला पहिल्या वर्षी १९०० मिळाले, दुसऱ्या वर्षी १०००. त्याला हिस्टोग्राम दाखवून काय उपयोग? पण वर्षभर दर महिन्याला माल उचलणारा वेफर्सवाला घ्या. त्याला "कधी" पेक्षा "बारापैकी किती महिने भाव १२०० च्या आत राहतो" हे कळलं तरी अंदाजपत्रक बसतं. त्याचं काम हिस्टोग्रामवर भागतं. म्हणजे भावाचाही हिस्टोग्राम काढता येतो हो, प्रश्न वेगळा असला तर!

चोपड्याचा_पोऱ्या
हे जबरी आहे ताई. म्हणजे आकडे बघून चित्र ठरत नाही, काय विचारायचंय त्यावरून ठरतं?

पाटबंधारे_निवृत्त
अगदी तेच. आमच्या खात्यात हे रोजचंच. तापीवर हतनूर धरण आहे. पावसाळ्यात विसर्ग किती हे तासातासाला नोंदतात. तो वेळेप्रमाणे मांडला की हायड्रोग्राफ होतो. तुमच्या पुस्तकी भाषेत हिस्टोरिग्रामच. पूर कधी चढला, माथा कधी आला, उतरायला किती वेळ लागला, हे सगळं त्यात. खालच्या गावांना इशारा द्यायचा तर हेच चित्र लागतं. ऑगस्ट २००६ च्या पुरात उकाई धरणाखाली सुरतेत काय झालं ते सगळ्यांना आठवतं. तशा वेळी पाणी *किती* याच्याइतकंच *कधी* हेही जिवाशी गाठ घालणारं असतं.

पण त्याच नदीचे त्याच वर्षांचे आकडे तारखा पुसून मोठ्यापासून लहानापर्यंत लावले, आणि वर्षाच्या किती टक्के दिवशी प्रवाह अमुक इतका किंवा त्याहून जास्त असतो ते काढलं, की फ्लो ड्युरेशन कर्व्ह होतो. तो हिस्टोग्रामच्या घराण्यातला, म्हणजे संचित वारंवारतेचा. उपसा सिंचन योजनेला पाणी किती भरवशाचं आहे हे ठरवायला तो लागतो. पूर किती तारखेला आला याच्याशी तिथे देणंघेणं नाही. एकच वही, दोन चित्रं, दोन वेगळे साहेब.

आणि शंकेखोर भाऊ, चिकटलेल्या दांड्यांचंच म्हणाल तर तासातासाच्या पावसाचा हायटोग्राफ असतो. दांड्या एकमेकींना चिकटलेल्या, दिसायला थेट हिस्टोग्राम. पण खाली काळ आणि वर पाऊस, म्हणून तो हिस्टोग्राम नव्हे. पाऊस तासाभरात साठत जातो म्हणून दांडी, विसर्ग त्या क्षणी असतो म्हणून रेघ. दांडी की रेघ हा प्रश्न वेगळा, हिस्टोग्राम की हिस्टोरिग्राम हा वेगळा.

डॉक्टरीणबाई_नंदुरबार
छान चाललाय धागा. आता जरा खोडा घालते. :)

साथरोगात आम्ही एपिडेमिक कर्व्ह काढतो. गावात हगवणीची साथ आली की प्रत्येक रुग्णाला लक्षणं कोणत्या तारखेला सुरू झाली ते विचारायचं, आडव्या अक्षावर तारखा आणि वर त्या तारखेचे रुग्ण. खाली काळ आहे, म्हणजे तुमच्या नोट्सप्रमाणे हिस्टोरिग्राम. पण आमच्या पुस्तकांत त्याला सरळ हिस्टोग्राम म्हटलंय, दांड्याही चिकटवून काढायला सांगतात. एकाच विहिरीचं पाणी एकदाच बाधलं असेल तर दांड्या झपकन चढतात आणि उतरतात. माणसाकडून माणसाला लागत असेल तर लाटांवर लाटा येतात.

मग "खाली काळ असेल तर हिस्टोरिग्राम" या नियमाचं काय करायचं?

शंकेखोर_पारोळा
आता मजा आली. मास्तर, बोला!

भुसावळ_ते_पुणे
माझ्या मते टोपलीची कसोटी इथेही लागू पडते. रुग्णांचे केसपेपर कसेही मागेपुढे केले तरी चित्र तेच येणार. म्हणून हिस्टोग्राम.

डॉक्टरीणबाई_नंदुरबार
पण भावाच्या चिठ्ठीवर महिना लिहिलेला असेल तर त्या चिठ्ठ्या हलवूनही चित्र तेच येईल की. महिना बघून जागेवर लावायच्या.

अमळनेरकर_मास्तर
बाईंचा खोडा योग्य आहे, आणि त्यातून जास्त पक्का निकष निघतो. एका नोंदीत किती गोष्टी आहेत ते मोजा.

घड : एक घड, एक आकडा (वजन). वरचा अक्ष आपण मोजून तयार केला, "असे किती". रुग्ण : एक रुग्ण, एक तारीख. वरचा अक्ष पुन्हा मोजूनच आला. इथे तारीख हेच मोजमाप आहे, वजनासारखं. म्हणून हिस्टोग्राम.

भाव : एका नोंदीत दोन गोष्टी, महिना आणि भाव. वरचा अक्ष आपण मोजून बनवलेला नाही, तो बाजारातून आलाय. हिस्टोरिग्राम.

यावरून भुसावळ स्टेशनचंही बघा. गाड्या किती मिनिटं उशिरा आल्या याची विभागणी काढली तर खाली मिनिटं आहेत, म्हणजे काळच. तरीही तो हिस्टोग्राम, कारण एक गाडी, एक उशीर. पण एकच गाडी रोज किती उशिरा येते हे तारखेप्रमाणे मांडलं की हिस्टोरिग्राम. पेपरात असा प्रश्न आला तर खालच्या अक्षावरचं "वेळ" वाचून धाव घेऊ नका.

पाटबंधारे_निवृत्त
पटलं. फक्त एक कोपरा उरतो. रोजचे रुग्ण एकदा मोजून तक्ता झाला, "तारीख आणि संख्या", की तोच तक्ता हाती घेणाऱ्याला कालश्रेणी वाटणार आणि तो रेघ काढणार. करोनात वर्तमानपत्रांनी तेच केलं. त्याला चूक म्हणता येणार नाही.

डॉक्टरीणबाई_नंदुरबार
नाहीच म्हणत. रोजच्या बेरजेची प्रवृत्ती बघायची असेल तर रेघच सोयीची. मान्य.

शंकेखोर_पारोळा
अवांतर : हिस्टोग्राममधलं "हिस्टो" हिस्टरीतून आलंय असं आमच्या सरांनी सांगितलं होतं. मग घोळ होणारच ना.

अमळनेरकर_मास्तर
तसं खात्रीने सांगता येत नाही. हिस्टोग्राम हा शब्द संख्याशास्त्रज्ञ कार्ल पिअर्सनचा, छापील रूपात १८९५ चा. ग्रीकमध्ये "हिस्टोस" म्हणजे उभं केलेलं, गलबताची डोलकाठी. उभ्या आयतांवरून तो आला असं एक मत. "हिस्टॉरिकल डायग्राम" वरून आला असं दुसरं मत. हिस्टोरिग्रामचा इतिहासाशी संबंध मात्र उघड आहे.

हिस्टोरिग्रामचं चित्र मात्र या शब्दांहून जुनं आहे. विल्यम प्लेफेअरने १७८६ मध्ये इंग्लंडची डेन्मार्क-नॉर्वेशी असलेली आयात-निर्यात वर्षांप्रमाणे दोन रेघांनी दाखवली आणि मधली जागा रंगवली. रेघा जिथे एकमेकींना छेदतात तिथे तुटीचा व्यापार नफ्यात गेलेला दिसतो. दोन चलांचा हिस्टोरिग्राम कसा असावा याचा तो आजही उत्तम नमुना आहे. पोऱ्या, एकदा शोधून बघच.

सराफ_गल्ली_जळगाव
आमच्या गावात सोन्याच्या भावाचा ग्राफ मोबाईलवर नाही असा माणूस सापडणार नाही, म्हणून दोन शब्द.

मास्तर म्हणाले हिस्टोग्राम शून्यापासूनच. हिस्टोरिग्रामला ती सक्ती नाही. सोन्याच्या महिन्याभराच्या हालचाली शून्यापासून काढल्या तर आडवी सपाट रेघ दिसेल. म्हणून खालचा अक्ष कापतात, पुस्तकात त्याला फॉल्स बेस लाइन म्हणतात. पण तिथे नागमोडी खूण करायची असते. ती खूण गाळून एक टक्क्याची घसरण कड्यासारखी दाखवणारे व्हॉट्सॲपवर रोज भेटतात.

दुसरं, चाळीस-पन्नास वर्षांचा भाव साध्या अक्षावर काढला की जुनी वर्षं जमिनीला टेकलेली दिसतात आणि वाटतं की सोनं काल-परवाच वाढायला लागलं. तिथे गुणोत्तर मापाचा कागद, म्हणजे सेमी-लॉग, वापरावा. त्यात दुप्पट व्हायला नेहमी सारखंच अंतर लागतं. शंभराचे दोनशे झाले आणि पन्नास हजारांचे लाख झाले, दोन्ही चढ सारखे दिसतात. गिऱ्हाइकाला हे सांगितलं की धंदा होतो असं नाही, पण गिऱ्हाईक परत येतं.

भुसावळ_ते_पुणे
यात भर : वर्षं समान अंतरावर नसतील तर अक्षावरही अंतर तसंच ठेवायचं. जनगणनेची १९५१, १९६१, १९९१, २०११ अशी चारच वर्षं घेतली आणि एक्सेलमध्ये मजकूर म्हणून टाकली, तर ते चारही बिंदू समान अंतरावर ठेवतं. मधल्या तीस वर्षांची चढण खोटी उभी दिसते.

तापीकाठचा_केळीवाला
राम राम. रावेर भागातला. इतका वेळ वाचत होतो. शास्त्र तुम्ही सांगितलं, आता केळीचं मी सांगतो.

पोऱ्या, वजनाचा हिस्टोग्राम काढताना मृगबाग (पावसाळ्याच्या सुरुवातीची लागवड) आणि कांदेबाग (पावसाळा सरतानाची लागवड) एकत्र करू नको. लागवडीचा हंगाम वेगळा, घड भरण्याच्या काळातलं हवामान वेगळं. पिलबाग (जुन्या झाडाच्या पिलांवर धरलेली) असेल तर तीही बाजूला ठेव. सगळं एका टोपलीत टाकलं तर दोन शिखरं येतील किंवा पसरट मधला फुगवटा येईल, आणि काका म्हणतील बागेत काहीतरी बिघडलंय. बिघडलेलं नसतं, दोन बागांची सरमिसळ असते. खरंच डावीकडे लांब शेपूट आलं, म्हणजे हलके घड बरेच निघाले, तर ते कोणत्या ओळीतले ते बघ. पाणी पोचत नसेल किंवा सीएमव्ही हा विषाणूरोग फिरला असेल. मात्र ओळ हिस्टोग्रामात दिसत नाही, ती वहीतच शोधावी लागेल. म्हणून वजन लिहितानाच ओळीचा नंबर लिहून ठेव.

भावाचं म्हणशील तर इंग्रजी महिन्यांवर हंगाम शोधणारे फसतात. श्रावणात, नवरात्रात, रमजानमध्ये मागणी वाढते. पण रमजान दरवर्षी सुमारे अकरा दिवस आधी येतो. श्रावण २०२२ मध्ये २९ जुलैला लागला आणि २०२३ मध्ये अधिक श्रावण होता, तर निज श्रावण १७ ऑगस्टला. दोन्ही वर्षांच्या "ऑगस्ट" ची सरासरी काढली तर एकात पूर्ण मागणी आणि दुसऱ्यात अर्धी, काहीच कळत नाही. महिन्याऐवजी आठवड्याचे भाव घे आणि आलेखावर सणांच्या उभ्या रेघा मार.

जामनेरची_लेक
व्वा काका. सीझनल इंडेक्स (हंगामी निर्देशांक) शिकवताना हे कोणी सांगत नाही.

चोपड्याचा_पोऱ्या
सगळ्यांचे आभार. वजनाचे दोन हिस्टोग्राम काढतो, मृगबाग वेगळी, कांदेबाग वेगळी, वर्गांची रुंदी दोन्हींत सारखी. भावाचा एक हिस्टोरिग्राम, आठवड्यांवर. एक विचारायचं राहिलं. काकांच्या वहीत मध्ये काही आठवडे कोरे आहेत, तेव्हा कटाईच नव्हती. तिथे भाव शून्य धरू का?

तापीकाठचा_केळीवाला
अजिबात नको भो. कटाई नव्हती म्हणजे भाव शून्य नव्हता, बाजार चालूच होता. त्या आठवड्यांचा बऱ्हाणपूर बाजाराचा भाव मिळाला तर तो वेगळ्या रंगाने टाक. जाग्यावरचा भाव आणि बाजाराचा भाव एकच नसतो. नाही मिळाला तर रेघ तिथे तोड, जागा रिकामी सोड आणि पुढच्या कटाईपासून परत सुरू कर.

भुसावळ_ते_पुणे
एक्सेलमध्ये त्यासाठी सेल रिकामा ठेव, ० टाकू नको. चार्टवर राइट क्लिक करून सिलेक्ट डेटामध्ये हिडन अँड एम्प्टी सेल्सचं बटण आहे, तिथे गॅप्स निवड.